सेकोंडीच्या हॉलात पाडलेली संध्याकाळ

सेकोंडी,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप मामा,

तुमचा भाचा फीफी याचा सेकोंडीहून गुडघे टेकून नमस्कार. (खरोखरच गुडघे टेकून लिहितो आहे. सध्या मला बसता येत नाही. का, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? अकोसोम्बोच्या धरणात यंदा पाणी भरपूर आहे असं रेडिओवर ऐकलं, त्यावरून तुमच्या गुडघ्यातलं पाणी उतरलं असावं अशी आशा करतो. रात्री मक्याचं जड केंके खाऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तुम्ही ऐकत नसाल हे आम्हाला ठाऊक आहे, तरी आईने लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. आई ठणठणीत आहे. मिरच्या वाटताना अजून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा आवाज करते आणि मी समोर दिसलो की आवाज वाढतो. तिने तुमच्यासाठी धुरावलेल्या मासळीची एक टोपली बांधून ठेवली आहे. मात्र ती बसने पाठवायची नाही, 'ज्याला खायची त्याने येऊन न्यावी' असा तिचा हुकूम आहे.

फोन केला असता. पण मामा, तुम्ही फोनवर पहिलं वाक्य ऐकता, दुसऱ्याला 'बरं बरं' म्हणता आणि तिसऱ्याच्या आधी ठेवून देता. माझी गोष्ट चौथ्या वाक्यानंतर सुरू होते. म्हणून पत्र. विषय निव्वळ तांत्रिक आहे. वायूच्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त करण्याबाबत तुमचा सल्ला हवा आहे, बाकी काही नाही.

आपल्या हॉलमधले दिवे तुम्हाला आठवत असतीलच. छताला ट्यूबलाइटच्या चार रांगा, स्टेजवर पाचवी, आणि मधोमध, प्रेक्षकांच्या बरोबर डोक्यावर, बंदराच्या गोदामात टांगतात तसला मोठा मेटल-हॅलाइडचा दिवा, उलट्या घंगाळाएवढा. लग्न असो, मयत असो की चर्चची सभा, हॉलमध्ये उजेड कायम एकच : आहे किंवा नाही. मला त्यात कधी उणं वाटलं नव्हतं. पण दोन महिन्यांपूर्वी अराबा आली. अराबा म्हणजे बंदरावर मासळी धुरावणाऱ्या बायकांच्या मंडळाची म्होरकी. तिच्या भट्ट्या आपल्या हॉलच्या मागच्या रस्त्याला आहेत. (त्या रस्त्याने मी रोज जातो. तोच जवळचा पडतो. आई म्हणते लांबचा पडतो, पण आईला नकाशातलं कळत नाही.) तर अराबाने मंडळासाठी नाटक लिहिलं होतं. एक होडी समुद्रात जाते, संध्याकाळ होते, होडी परतत नाही. बाई किनाऱ्यावर रात्रभर बसून राहते आणि पहाटे होडी येते. एवढंच. पण सेकोंडीत प्रत्येकाला माहीत आहे की ही तिच्या वडिलांची होडी, आणि ती होडी काही परत आली नाही. अराबा तेव्हा आईच्या पाठीवर बांधलेली होती. 'नाटकात तरी येऊ दे,' एवढंच ती म्हणाली.

मग तिने छताकडे बघून विचारलं, "फीफी, तुझ्या या दिव्यांना संध्याकाळ पाडता येते का रे? हळूहळू. खटकन बंद नाही."

मामा, इथे एखाद्या समंजस माणसाने 'नाही' म्हटलं असतं. तुम्ही मला लहानपणीच समजावलं होतं की साधा बल्ब गरीब असतो, वीज कमी दिली तर निमूटपणे कमी जळतो. पण ट्यूबमध्ये तार नसते, वायू असतो, आणि वायूला अर्धी वीज दिली तर तो अर्धा उजेड देत नाही, चिडतो. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. पण अराबाच्या कपाळावर भट्टीची राख लागली होती, आणि ती मान वर करून छताकडे बघत होती, आणि मी ऐकलं तर माझंच तोंड म्हणत होतं, "संध्याकाळ? कुठली हवी? पावसाळ्यातली की उन्हाळ्यातली?"

दुसऱ्या दिवशी टाकोराडीला मार्केट सर्कलमध्ये जाऊन बल्बचा उजेड कमी करायचं एक फिरकीचं बटण आणलं आणि स्टेजवरच्या रांगेला जोडलं. बटण थोडं फिरवलं. ट्यूबांनी दुर्लक्ष केलं. आणखी फिरवलं, तेव्हा चोक मधमाश्यांसारखे गुणगुणायला लागले, स्टार्टर टिकटिकू लागले आणि रांगेतल्या ट्यूबा ज्याला वाटेल तेव्हा डोळे मिचकावू लागल्या. अराबाच्या बायका तालमीला आल्या होत्या. त्यांना वाटलं मी नाचाची सोय केली आहे, आणि त्या नाचल्याही. मग एका चोकमधून असा वास आला की भट्टीच्या धुरात जन्म गेलेल्या बायकासुद्धा नाकाला पदर लावून बाहेर पडल्या. अराबा जाताना म्हणाली, "संध्याकाळ छान होती, फीफी. फक्त तिला फेफरं आलं होतं."

असा अपमान झाल्यावर माणूस एकतर थांबतो किंवा अल्हाजी बावाकडे जातो. अल्हाजी बावाचं झोंगो मोहल्ल्यात भंगाराचं दुकान आहे. जग मोडलं की त्याचे तुकडे आपल्याकडेच येणार असा त्याचा विश्वास आहे आणि आजवर तो खोटा ठरलेला नाही. टाकोराडीला एक जुनी कचेरी पाडली तेव्हा तिच्या छतातले सगळे इलेक्ट्रॉनिक चोक त्याने उचलले होते. लांबट, पांढरे, हलके, आणि विजेच्या तारांशिवाय प्रत्येकाला दोन बारीक तारा जास्तीच्या, एक करडी, एक जांभळी. अल्हाजी म्हणाला, "हे आपल्या त्या जड, घुम्या चोकांसारखे नव्हेत. हे शिकलेले आहेत. विजेला हात लावायचा नाही, या दोन तारांवरून नुसतं कानात सांगायचं, किती जळायचं ते." मी विचारलं, "आणि ऐकलं नाही तर?" तो म्हणाला, "तर समजायचं तुझंच सांगणं चुकलं." तो मला आयुष्यभर असंच बोलत आला आहे. तरी चोक मात्र त्याने खरे दिले.

मामा, हे यंत्र तुम्ही बघायला हवं होतं. दोन बारीक तारा एकमेकींना चिकटवल्या की सगळी रांग मंद होऊन अगदी काजव्यासारखी राहते. वेगळ्या केल्या की पूर्ण उजेड. मध्ये एक फिरकी बसवली की हवं तिथे थांबवा. ना लुकलुक, ना गुणगुण. अर्थात हे मला लगेच कळलं नाही. पहिल्या रांगेत मी एका चोकच्या तारा उलट लावल्या, तर त्या एकाने अख्ख्या रांगेला आपल्याबरोबर खाली ओढलं. सगळ्या ट्यूबा माना घालून बसल्या, कितीही फिरवा, वर बघायलाच तयार नाहीत. कोण गुन्हेगार ते शोधायला मला सगळी रांग सोडवावी लागली, आणि तो सापडला तेव्हा शिडीच्या सर्वांत टोकाला, भिंतीशी, वटवाघळाच्या शेजारी होता.

त्यानंतर आली मयताची भानगड. अल्हाजीने बजावलं होतं की नव्या ट्यूबा मंद करण्याआधी चार दिवस चार रात्री सलग पूर्ण उजेडात जाळायच्या, त्याशिवाय त्यांचं अंग मुरत नाही आणि मंद केल्यावर टोकांना काळ्या पडून लवकर मरतात. मी नव्या ट्यूबा आणल्या, लावल्या आणि हॉल उघडा ठेवून घरी आलो. आता सेकोंडीत एखाद्या हॉलमध्ये रात्रभर सगळे दिवे जळत असले तर त्याचा अर्थ एकच. सकाळी सहाला आपल्या अंगणात मयताचे काळे-तांबडे कपडे घातलेले लोक बसलेले. आईने कुणाला काही न विचारता सगळ्यांना पाणी दिलं, कारण रीत म्हणजे रीत, आणि आत येऊन मला हळूच विचारलं, "कोण गेलं रे?" मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणते, "असं कसं? एवढी माणसं उगीच येतात?" बाहेर लोकांनी आपसातच ठरवून टाकलं होतं की गेले ते अकोसोम्बोचे मामा. (क्षमा असावी. तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. उंची, आवाज, शिकवण्याची हौस, सगळ्याचा उल्लेख झाला. एका म्हाताऱ्या बाईने तर फारच मनापासून डोळे पुसले, तिच्याबद्दल नंतर.) मी उभा राहून सांगितलं की कोणी मेलेलं नाही, ट्यूबा मुरवतो आहे. यावर चर्चचे कारभारी ब्रदर ओटू उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुःखात माणूस असं काहीतरी बोलतो." आणि पुन्हा बसले. दुपारी आईला त्यांच्यासाठी बांकूचं जेवण शिजवावं लागलं. त्या दिवसापासून मिरच्यांचा आवाज वाढला आहे.

पण पाचव्या दिवशी, मामा, तालमीला मी संध्याकाळ पाडली. आधी मागच्या रांगा, मग मधल्या, मग स्टेजवरची, इतक्या सावकाश की बायकांना कळलंच नाही कधी बोलणं कमी झालं. अराबा स्टेजच्या कडेला उभी होती. ती वळून मागे, माझ्या टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे. फक्त हे मधलं घंगाळ तेवढं दुपारसारखं जळतंय."

झालं. मी पुन्हा अल्हाजीकडे. त्याच्याकडे अशा मोठ्या दिव्याचं, त्याला मंद करायचं वेगळं इलेक्ट्रॉनिक खोकं होतं, तेही त्याच कचेरीच्या गोदामातलं. ते देताना तो पहिल्यांदाच गंभीर झाला. म्हणाला, "हे बघ फीफी, ट्यूब माफ करते, हा करत नाही. आधी पूर्ण तापू दे, मग अर्ध्यावर आण. अर्ध्याच्या खाली नेलास तर विझेल. आणि एकदा विझला की गरम असेपर्यंत बादशहाने सांगितलं तरी पेटणार नाही. थंड झाला की त्याच्या मर्जीने." मी मान डोलावली. खोकं नेऊन जोडलं, दिवा पूर्ण तापवून अर्ध्यावर आणला, आणि मामा, काय सांगू? मंद झाल्यावर त्याचा रंग निळसर-हिरवट पडला, अगदी समुद्रावरच्या चांदण्यासारखा. मी एकटाच हॉलमध्ये उभा राहून टाळ्या वाजवल्या.

नाटक मंगळवारी ठेवलं होतं. मंगळवारी समुद्रावर कोणी जात नाही, त्यामुळे कोळी झाडून सारे हजर. पहिल्या रांगेत आपले गावप्रमुख नाना त्यांच्या छत्रीवाल्यासह (आत छप्पर आहे असं सांगून पाहिलं, पण छत्री आलीच), शेजारी ब्रदर ओटू, मागे खच्चून गर्दी, खिडक्यांत माणसं. मी सगळ्यांच्या मागे टेबलाशी. अर्ध्या चड्डीत होतो, कारण दिवसभर शिडीवर, आणि धुतलेला अंगरखा आई ऐनवेळी आणणार होती. मला नाटकातली एक गोष्ट कोणी सांगितली नाही. किनाऱ्यावर उलट्या पाटीवर बसून वाट बघणाऱ्या बाईचं काम अराबाचं होतं, डोक्यावरून राखी कापड, प्रेक्षकांकडे पाठ, एक शब्द नाही. त्या संध्याकाळी तिची आई, एफुआ मावशी, पडद्याआड आली आणि म्हणाली, "ऊठ. तू काय बसशील? मी खरी बसलेली आहे." आणि बसली.

हे मला ठाऊक नव्हतं. मी मागून बघत होतो, राखी कापडाखाली अराबाच आहे असं समजून. आणि म्हणूनच, मामा, मी त्या संध्याकाळी जरा जास्तच जीव ओतला.

मागच्या रांगा उतरल्या, मधल्या उतरल्या. कोणीतरी लहान मुलाला गप्प केलं. स्टेजवरची रांग काजव्याएवढी झाली आणि मग मी सगळ्याच रांगा पूर्ण बंद केल्या. उरलं फक्त चांदणं. सगळ्या हॉलने एकदम 'आ…' केलं. मामा, तुम्ही विजेच्या धंद्यात आयुष्य काढलंत, पण तुमच्यासाठी कधी तीनशे माणसांनी 'आ…' केलं आहे का? मला ते आणखी एकदा ऐकायचं होतं. मी चांदणं थोडं खाली आणलं. आणखी थोडं. अल्हाजीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पण तोही मंद होता.

दिवा विझला.

काळोख म्हणजे असा काळोख की स्वतःचं बोट दिसेना. वीज गेली की आपल्याकडे सगळे ओरडतात तसे सगळे ओरडले. पण दोन क्षणांतच ओरड थांबली, कारण पंखे फिरत होते. वरून वारा येतो आहे, आणि दिवा नाही! तीनशे माणसांना एकाच वेळी कळलं की वीज गेलेली नाही, फीफी गेलेला आहे. अंधारातून आवाज आले. "फीफी, चंद्र कुठे विकलास?" "मामाला बोलवा!" "मामा वारले ना?" मी ट्यूबा वर आणायला धावलो तर पाय वायरीत अडकला, आणि बोर्डातून ट्यूबांची मुख्य वायरच उपटली गेली. ती अंधारात शोधणं म्हणजे केसाळ कुत्र्यात पिसू शोधणं. एवढं एक शहाणपण सुचलं की मोठ्या दिव्याचं बटण पूर्ण वर ढकलून ठेवलं, म्हणजे थंड झाल्यावर तरी तो पेटेल. आता करायचं काय? मला एकच वाटलं. अराबा तिकडे एकटी बसली आहे, तिच्या वडिलांच्या नाटकाचं मी वाटोळं केलं आहे, आणि ती अंधारात रडत असणार.

भिंतीला धरून मी स्टेजवर गेलो. गुडघ्यांवर रांगत पाटीपाशी पोचलो. राखी कापड हाताला लागलं, मग हात लागला, थंडगार. मी तो दोन्ही हातांत धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अगं, घाबरू नकोस. मी आहे. उजेड येतोय, त्याला थोडा वेळ लागतो, पण तो येतो. तोवर मी हात सोडत नाही." हाताने माझा हात घट्ट धरला. इतका घट्ट, की मला वाटलं आता मागे फिरणं नाही. आणि मग, मामा, मी बाकीचंही बोललो. सगळंच. मागच्या रस्त्याने रोज का जातो ते. खोकला येत असतानाही त्या धुरात का थांबतो ते. तिच्यासाठी ट्यूबा शिकलो, मोठा दिवा शिकलो, आणखी काही असेल तर तेही शिकेन. हसलीस तरी चालेल, पण नाही म्हणू नकोस. हाताने पकड आणखी आवळली. मला वाटलं, माझ्या बोलण्याने.

एवढ्यात कडेच्या बायकांनी, बहुधा वेळ काढायला, होडी ओढतानाचं गाणं धरलं, नुसतं गुणगुणत. कोळ्यांनी ते उचललं. मग खिडकीतल्यांनी, मग सगळ्यांनी. मामा, अख्खा हॉल काळोखात, हळू आवाजात, न आलेली होडी ओढत होता. कोणी थट्टा करेना. आणि मग वर कुठेतरी खट् झालं आणि दिव्याच्या पोटात एक जांभळट ठिणगी उभी राहिली. तुम्हाला माहीत आहे तो कसा तापतो. आधी नुसता भास, मग निळसर, मग गुलाबी, मग फिकट पिवळा, सावकाश, अगदी सावकाश. ते मी केलं नव्हतं, मला करताही आलं नसतं. ती पहाट होती. आणि त्या अर्ध्या उजेडात अराबाने, तिच्या समयसूचकतेला सलाम, बायकांना खूण केली आणि फळ्यांची होडी स्टेजवर आली.

नाना उभे राहिले. छत्रीही उभी राहिली. लोक रडत होते आणि हसत होते. माझ्या हातातला हात सैल झाला, आणि मी वर बघितलं तर होडीच्या दोरीशी अराबा उभी. होडीच्या दोरीशी! मग मी शेजारी बघितलं. कापड मागे सरकलं होतं. एफुआ मावशी होडीकडे एकटक बघत होती, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिने ते पुसलं नाही, कारण तिचा एक हात माझ्याकडे होता.

मग उजेड पूर्ण वाढला आणि सगळ्या सेकोंडीने पाहिलं. अर्ध्या चड्डीतला फीफी, कपाळाला चिकटपट्टी, खिशात स्क्रूड्रायव्हर, एफुआ मावशीपुढे गुडघे टेकून, तिचा हात छातीशी धरून. मग खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "अरे फीफी, आता तरी हात सोड, सकाळ झाली!" मी उडी मारली. कुठे मारतो आहे ते बघितलं नाही. स्टेजची उंची तुम्हाला आठवत असेल. मी खाली ज्या भागावर आलो त्यामुळे हे पत्र अशा आसनात लिहावं लागतं आहे. छत्रीवाल्याने मला उचललं. ब्रदर ओटूंनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला.

काल दिवसभर अराबा दिसली नाही. मी मागच्या रस्त्याने गेलो नाही. (पुढचा रस्ता खरोखरच जवळचा आहे, आई बरोबर होती.) आज सकाळी ती स्वतः आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "सात वर्षं आमच्या भट्टीवरून जातोस, माझा हात कोणता नि आईचा कोणता एवढं कळत नाही तुला?" मी म्हटलं, अंधार होता. "अंधार तूच केला होतास." मग तिने सांगितलं की शामा गावच्या मंडळाने नाटक बोलावलं आहे, पुढच्या मंगळवारी, आणि त्यांची अट आहे की अगदी तस्संच व्हायला हवं. तोच काळोख, तेवढाच, आणि तीच पहाट.

तेव्हा मामा, हा माझा तांत्रिक प्रश्न. चुकून विझवलेला दिवा मुद्दाम कसा विझवायचा, म्हणजे गाणं संपता संपता तो पेटेल? तो थंड व्हायला किती वेळ घेईल याचा काही हिशेब असतो का, की दर वेळी त्याची मर्जी? पंख्याचा वारा त्याच्यावर सोडला तर लवकर पेटेल का? एवढंच कळवावं. तुमच्याशिवाय हे सांगणारं कोणी नाही. आईचा आशीर्वाद. (ती मोठी, म्हणून आशीर्वाद, नाहीतर तिला तुम्हाला बरंच काही सांगायचं आहे.)

तुमचा भाचा,
फीफी

ता. क. वरच्या प्रश्नाचं उत्तर पत्राने पाठवलंत तरी चालेल, पण खरं म्हणजे तुम्ही स्वतः यावं. जाताना अराबाला मी विचारलं की, अंधारात जे बोललो ते मावशीने सांगितलंच असेल, तर तुझं काय म्हणणं आहे? तर ती म्हणाली, "माझं म्हणणं असं रस्त्यात मिळत नसतं. माणसं दारात येतात, दार वाजवतात, मग मिळतं." आणि हसली. मावशीनेही निरोप धाडला आहे, शब्दशः लिहितो : 'जे माझ्या कानात सांगितलंस ते सगळं मला पसंत आहे, पण मुलीचं उत्तर मुलाला द्यायची आमच्यात रीत नाही, मामाला पाठव.' तेव्हा मामा, शनिवारच्या बसने निघा. दार वाजवायला, म्हणजे रीतसर मागणी घालायला, तुम्हीच हवेत. मागणीच्या वेळी द्यायची जिनची बाटली मी आणून ठेवली आहे, चांगला झगा तेवढा घेऊन या. दिव्यांना हात लावणार नाही असं लग्नापुरतं वचन देतो.

ता. क. दुसरं. तुमच्या मयताला डोळे पुसणारी ती म्हातारी बाई म्हणजे एफुआ मावशीच. तुम्ही जिवंत आहात असं कळल्यावर तिने आईला सांगितलं की तिच्या लग्नात मांडवातले दिवे तुम्हीच लावले होते, आणि ऐन जेवणाच्या वेळी सगळ्या मांडवाचा फ्यूज उडवला होता, कारण तुम्ही नवरीकडे बघत तारा जोडत होतात. हे मला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं! मला तुम्ही ट्यूबवर व्याख्यानं देत होतात!

ता. क. तिसरं. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात आई मावशीकडून आली. मावशीने सहज चौकशी केली म्हणे, की मामी गेल्यापासून तुम्ही एकटेच स्वयंपाक करता का. मग म्हणाली की तिने वाट बघण्याचं काम आयुष्यात पुरेसं केलं, मंगळवारी स्टेजवर शेवटचं केलं, आता आणखी करणार नाही. आईने मला जिनची दुसरी बाटली आणायला धाडलं आहे. कुणाच्या दारासाठी, विचारलं तर म्हणते, "दार एकच आहे, बाटल्या दोन लागतील." मामा, तुम्ही या आणि काय ते ठरवा. फक्त एवढं मला आधी सांगून ठेवा : ज्या बाईला मी जन्मभर मावशी म्हणत आलो, तिला सासू म्हणायला मी तयार आहे, पण तीच जर मामीही झाली, तर सकाळी उठून नमस्कार करताना मी कोणत्या नात्याने वाकायचं?